शेवटच्या नळापाशी

पहाटे पाचच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह उघडला जातो. पहिल्या घराच्या नळातून फुसफुसत हवा बाहेर पडते आणि पाठोपाठ पाणी येतं. शेवटच्या घराला अजून पंधरावीस मिनिटं वाट बघावी लागते. तिथला नळ आधी नुसता खाकरतो, मग मातकट पाण्याच्या दोनचार गुळण्या टाकतो आणि नंतर कुठे बारीक धार धरतो. तोवर पहिल्या घरातली टाकी भरून, हंडे भरून, ओटासुद्धा धुऊन झालेला असतो. प्रभागातलं पाणी समजून घ्यायचं असेल तर नगरसेवकाने, नगरसेविकेने उभं राहायची जागा ही आणि वेळही हीच.

सकाळी अकराला त्याच गल्लीत फेरी काढली की नळ कोरडा असतो. चार माणसं चार गोष्टी सांगतात, कनिष्ठ अभियंता मान डोलावतो, कार्यकर्ता मोबाईलवर फोटो काढतो आणि सगळे पुढच्या गल्लीत जातात. कुणी खोटं बोललेलं नसतं, पण कुणी काही पाहिलेलंही नसतं. पाण्याची पहाट, कचऱ्याची सकाळ, शाळेची मधली सुट्टी, दिव्यांची तिन्हीसांज, गटारांचा पहिला पाऊस, अशी प्रत्येक तक्रारीची आपापली वेळ ठरलेली असते. त्या वेळी तिथे गेलं तर तक्रार स्वतःच बोलते. एरवी तिच्याबद्दल फक्त ऐकायला मिळतं.

पाण्यासाठी लागणारं सामान अगदी थोडं. पंधरा लिटरची एक बादली आणि सेकंद दाखवणारं घड्याळ. धार स्थिर झाली की बादली नळाखाली धरायची आणि ती किती सेकंदांत भरते ते लिहायचं. समजा पंच्याहत्तर सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला बारा लिटर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरलं जातं. पाच माणसांच्या घराला ६७५ लिटर, म्हणजे या धारेने छप्पन मिनिटं. व्हॉल्व्ह पाऊण तास उघडा असेल आणि त्यातली पहिली पंधरा मिनिटं हवा आणि गढूळ पाण्यात गेली असतील, तर हातात उरतात तीस मिनिटं आणि ३६० लिटर. माणशी बहात्तर. 'आम्हाला पाणी कमी येतं' या वाक्यापेक्षा या आकड्याला कार्यालयात वेगळं उत्तर द्यावं लागतं, कारण अभियंत्याला तो खोडून काढायचा असेल तर स्वतः बादली घेऊन पहाटे यावं लागेल.

तिथेच उभं असताना कान उघडे ठेवायचे. मधल्या घरांतून मोटारीचा आवाज येतो का? नळाच्या जोडणीला थेट मोटर लावून पाणी ओढलं की पुढच्या घरांचा दाब पडतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याहून घातक गोष्ट कमी जणांना माहीत असते. वाहिनी दिवसातले बावीसतेवीस तास रिकामी असते आणि मोटारीने ओढ घेतली की तिच्यातला दाब बाहेरच्यापेक्षाही खाली जाऊ शकतो. अशा वेळी जिथे फट असेल तिथून बाहेरचं पाणी आत शिरतं. जुन्या वस्त्यांमध्ये घरोघरीच्या लोखंडी जोडण्या गटारातूनच आडव्या गेलेल्या असतात, आणि गंज नेमका तिथेच धरतो. पहिल्या पाण्याला वास का येतो याचं उत्तर बहुतेक वेळा जोडणीच्या या गटारातल्या चार इंचांत दडलेलं असतं.

वासाची तक्रार असेल तर 'वास येतो का' एवढं विचारून भागत नाही. कुठल्या घरापासून पुढे येतो, आणि किती मिनिटांनी जातो, हे दोन प्रश्न विचारायचे. तेराव्या घरापर्यंत पाणी स्वच्छ आणि चौदाव्यापासून पुढे वास, तर गळती शोधायला सबंध रस्ता खोदण्याची गरज नाही. त्या दोन घरांच्या मधला तुकडा आधी उघडायचा. पाणीपुरवठ्याच्या माणसाला सोबत ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या औषधाची, बाटली आणायला सांगायचं. शेवटच्या नळाचं पाणी पिवळसर झालं नाही तर क्लोरीन तिथवर पोहोचतच नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात उर्वरित क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावं असं आहे, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या नळाशी हवं. टाकीपाशी घेतलेला नमुना याबद्दल फारसं सांगत नाही.

प्रभागातलं पाणी ज्याला खरोखर कळतं तो माणूस म्हणजे व्हॉल्व्हमन. कुठला व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा, कुठला घट्ट बसलाय, कुठल्याचा दांडा झिजल्यामुळे चावी नुसतीच फिरते, हे सगळं त्याच्या हातात असतं आणि बऱ्याचदा कुठेच लिहिलेलं नसतं. तो रजेवर गेला किंवा त्याची बदली झाली की आठवडाभर पाण्याचं गणित बिघडतं, त्याचं कारण हेच. त्याच्याशी बोलताना 'पाणी नीट सोडा' म्हणण्यात काही अर्थ नाही. 'या गल्लीला किती आटे उघडता आणि पलीकडच्या गल्लीला किती?' असं विचारलं की खरं बोलणं सुरू होतं. दोनतीन दिवस त्याच्याबरोबर फिरून सगळ्या व्हॉल्व्हच्या जागा, आटे आणि वेळा एका कागदावर उतरवून घेणं, हे नव्या नगरसेवकाच्या पहिल्या महिन्यातलं सर्वांत मोलाचं काम आहे असं माझं मत आहे. त्याचा फोटो कुणी टाकणार नाही, पण पाच वर्षं तो कागद उपयोगी पडतो.

हे आत्ताच लिहायचं कारण असं. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली, प्रशासक आले, आणि निवडणुका झाल्या त्या थेट जानेवारी २०२६ मध्ये. जवळपास चार वर्षं प्रभागाला स्वतःचं माणूस नव्हतं. या काळात लोकांनी तक्रारी ॲपवर टाकल्या, 'निवारण झाले' असा संदेश वाचला आणि दारातलं गटार तसंच वाहताना पाहिलं. आता निवडून आलेल्यांमध्ये बरेच जण पहिल्यांदाच सभागृहात बसत आहेत. त्यांच्यापुढे वाढदिवस, उद्घाटनं, आरत्या, हळदीकुंकू, दहाव्या-तेराव्याच्या भेटी यांनी भरलेली डायरी आहे. त्यातून प्रभाग बघायला वेळ काढायचा तर तो कुठल्या घटकेला काढायचा, हे आधी कळायला हवं.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्यावी. नगरसेवकाच्या हातात कार्यकारी अधिकार नसतात. महापालिकेत ते आयुक्तांकडे असतात. मुकादमाला, अभियंत्याला थेट हुकूम सोडणं हे नगरसेवकाचं काम नाही, आणि दरडावून करून घेतलेलं काम त्या दिवसापुरतंच टिकतं. त्याच्याकडे काय असतं? पाहणं, लिहिणं, लेखी प्रश्न विचारणं, अंदाजपत्रकात तरतूद मागणं, प्रभाग समितीत आणि सभागृहात विषय लावून धरणं. या सगळ्याचा कच्चा माल फेरीतून येतो. म्हणून फेरी नेमकी हवी.

फेरीला माणसं कमी असावीत. कनिष्ठ अभियंता, आरोग्य निरीक्षक किंवा मुकादम (विषय असेल त्याप्रमाणे), त्या गल्लीतला एक जाणता रहिवासी आणि लिहून घेणारं एक माणूस. पंधरावीस जणांचा घोळका घेऊन गेलं की ज्याचा आवाज मोठा त्याचीच तक्रार नोंदली जाते. दारात उभ्या असलेल्या बाईला नेमकं काय सांगायचं होतं ते राहून जातं. आणि 'काय ताई, सगळं ठीक ना?' असं विचारलं तर 'हो भाऊ, ठीक आहे' हेच उत्तर येणार. पाहुण्याला दारात उभं करून गाऱ्हाणं सांगायची आपल्याकडे पद्धत नाही. त्यापेक्षा 'आज घंटागाडी किती वाजता आली?' हे विचारावं. त्याचं उत्तर देताना कुणाला संकोच वाटत नाही, आणि त्या उत्तरातून बाकीचं सगळं बाहेर येतं.

वहीत जागा लिहिताना 'मंदिराजवळ', 'चौकात' असं लिहू नये. दिव्याच्या खांबावर क्रमांक असतो, तो लिहावा. खांबाचा क्रमांक दिला की अभियंत्याला 'जागा सापडली नाही' असं सांगता येत नाही. पुढे वेळ, पाहिलेली गोष्ट, मोजलेला आकडा, खातं, पत्राचा आवक क्रमांक आणि पुन्हा कधी यायचं ती तारीख. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर आधीच्या सगळ्या रकान्यांचा काही उपयोग होत नाही.

गटारं आणि नाल्यांची वेळ दोनदा येते. एक मे महिन्यात, नालेसफाई चालू असताना, आणि दुसरी जूनमधल्या पहिल्या जोरदार पावसात, छत्री घेऊन. नालेसफाईची पाहणी बहुधा नाल्याच्या उघड्या भागात होते, कारण पोकलेन तिथे उभं असतं आणि काढलेल्या गाळाचा ढीग दिसतो. पाणी मात्र तुंबतं ते रस्त्याखालच्या मोरीत. यंत्राचा हात तिथवर पोहोचत नाही. शिवाय मोरीच्या पोटातून कुणी ना कुणी पाण्याची नळी, केबल किंवा गॅसची वाहिनी आडवी नेलेली असते. तिला आधी एक पिशवी अडकते, मग चिंधी, मग फांदी, आणि जुलैपर्यंत तिथे भिंतच तयार होते. म्हणून वाकून मोरीच्या आत विजेरी मारून बघायचं. पलीकडच्या तोंडाचा उजेड दिसला पाहिजे. दिसला नाही तर नाला साफ झालेला नाही, मग बाहेर गाळाचे कितीही ढीग असोत.

एक लांब बांबू घ्यावा. मोरीच्या अलीकडे, तोंडाशी आणि पलीकडे अशा तीन ठिकाणी तो गाळाला टेकेपर्यंत खाली सोडून काठाच्या पातळीला खडूने खूण करावी. सफाईच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे खरोखर निघालेला गाळ. कंत्राटाचं बिल वजनावर असेल तर वजनकाट्याच्या पावत्या बघताना गाळ ओला भरला की सुकलेला, हेही विचारायला हवं, कारण ओल्या गाळाच्या वजनात पाण्याचेही पैसे जातात. आणि काठावर टाकलेला गाळ सुकला की लगेच उचलला गेला पाहिजे. तसाच राहिला तर पहिली सर त्याला पुन्हा नाल्यात नेऊन घालते, आणि तो काढायला दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागतात.

आता गल्लीच्या काँक्रीटबद्दल. यावर थोडं जास्त लिहायला हवं, कारण नगरसेवकाच्या निधीतून सर्वांत जास्त होणारं काम हेच आणि सर्वांत जास्त घरांचं न बोलून दाखवलेलं नुकसानही याच कामातून होतं.

गल्ली खराब झाली की जुन्या काँक्रीटवरच चारसहा इंचांचा नवा थर टाकतात. दिसायला गल्ली नवी होते. पाचसहा वर्षांनी पुन्हा तेच. तीन वेळा असं झालं की रस्ता फूटदीड फूट वर येतो, आणि ज्या घराला कधीकाळी दोन पायऱ्या चढून जावं लागायचं त्या घरात आता पायरी उतरून जावं लागतं. जोतं जमिनीत जातं, उंबरा रस्त्याच्या खाली जातो. मग दर पावसाळ्यात दारात विटांचा बांध, रात्री पाऊस आला की घरातली म्हातारी माणसं जागी, आणि खाली विटा लावून वर उचललेलं कपाट. ऐपत असलेला माणूस घर पाडून उंच बांधतो, आणि त्याच्या दारातलं पाणी शेजारच्या बसक्या घरात जातं. हे सगळं लोकांच्याच मागणीवरून, लोकांच्याच पैशातून, नारळ फोडून झालेलं असतं.

असं होण्याचं कारण त्या कामाच्या खर्चाच्या अंदाजात, म्हणजे एस्टिमेटच्या कागदात असतं. जुनं काँक्रीट तोडणं आणि राडारोडा वाहून नेणं ही बाब त्यात धरली की खर्च वाढतो, आणि ठरलेल्या निधीत गल्लीची लांबी कमी भरते. निम्मी गल्ली केली तर उरलेली निम्मी नाराज. म्हणून ती बाब गाळली जाते. नगरसेवकाने एस्टिमेट मागून घेऊन ही एक ओळ शोधावी. नसेल तर घालायला लावावी, आणि लोकांना समोर बसवून सांगावं की यंदा निम्मीच गल्ली होईल, पण तुमच्या उंबऱ्याच्या खाली राहील. सगळ्यांना पटेलच असं नाही. तरीही सांगावं.

काम सुरू होण्याआधी अभियंता, ठेकेदाराचा माणूस आणि रहिवासी यांच्यादेखत प्रत्येक घराच्या भिंतीवर तयार रस्त्याची पातळी लाल रंगाच्या रेघेने मारून घ्यावी. त्या रेघेच्या वर काँक्रीट जाणार नाही. ही रेघ मारायला एक सकाळ पुरते, आणि मग रोज जाऊन पहारा करायची गरज उरत नाही, कारण प्रत्येक दारातला माणूस आपापल्या रेघेवर लक्ष ठेवून असतो. काँक्रीट ओतण्याआधी पाणी, मलवाहिनी, गॅस, केबल यांच्या खात्यांना लेखी विचारून त्यांची कामं उरकून घ्यावीत. नाहीतर सहा महिन्यांत कुणीतरी मधोमध चर मारतं, तो मातीने नुसता भरला जातो, थर देऊन दाबला जात नाही, आणि पहिल्या पावसात तिथेच खचतो.

काँक्रीटला पाणी मारणं हा शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, आणि राख किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस ओल टिकली पाहिजे. बाजारात मिळणारं बरंचसं सिमेंट दुसऱ्या प्रकारचं असतं. पण उद्घाटनाची घाई असली की तिसऱ्या दिवशी गोणपाटं उचलली जातात आणि मोटारसायकली सुरू होतात. वर्षभरात वरचा थर पावडरीसारखा सुटतो, मग सगळे ठेकेदाराला दोष देतात. त्याचा दोष असतोही, पण ज्यांनी तारीख अलीकडे ओढली त्यांचाही असतो. काम पूर्ण झाल्यावर दोन बादल्या पाणी मधोमध ओतून बघावं. ते गटाराकडे गेलं तर ठीक. कुणाच्या दाराकडे वळलं, तर बिल निघण्याआधीच दुरुस्ती करून घ्यावी. बिल निघाल्यावरही दोषदायित्वाच्या मुदतीत ठेकेदाराकडून फुकट दुरुस्ती करून घेता येते, पण त्यासाठी ती मुदत कधी संपते हे वहीत लिहिलेलं असावं लागतं.

डासांबद्दल थोडक्यात. डेंग्यूचा रुग्ण सापडला की लोक धूरफवारणी मागतात, आणि ती लगेच मिळते कारण ती दिसते. धूर उडता डास मारतो. घरातल्या पिंपात, फ्रीजच्या मागच्या ट्रेमध्ये, गच्चीवरच्या टायरात असलेल्या अळीला त्याचं काही होत नाही, आणि आठदहा दिवसांत नवे डास तयार. म्हणून धुराच्या गाडीबरोबर फिरण्यापेक्षा आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर गच्चीवर चढणं आणि आठवड्यातला एक कोरडा दिवस लावून धरणं जास्त कामाचं. लोकांना ते कमी आवडतं, कारण त्यांच्याच घरातलं पिंप उपडं करावं लागतं.

सार्वजनिक शौचालयाची वेळ सकाळी सहा. रांग किती, पाणी आहे का, दिवा लागतो का, कडी बसते का. स्वच्छ भारत अभियानाच्या निकषांत सामुदायिक शौचालयात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक आसन धरलेलं आहे. मोजताना दाराला कुलूप असलेली आणि भांडं फुटलेली आसनं वजा करायची. कागदावर दहा असतात, वापरात सहा. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, आणि त्याचा खरा अर्थ इथे कळतो. स्त्रियांच्या बाजूला आत जाऊन बघू शकणारी नगरसेविका परत येते तेव्हा तिच्या वहीत कडी असते, कपडे अडकवायचा खिळा असतो, पॅड टाकायला डबा नाही हे असतं, आणि घरापासून शौचालयापर्यंतच्या बोळातला बंद दिवाही असतो. हे तिच्या ऐवजी तिचा नवरा फिरून आला तर यातलं काही दिसत नाही. निवडून आलेल्या बाईंनी स्वतः फिरावं, यासाठी घरातल्यांनी आणि कार्यकर्त्यांनी दोन पावलं मागे राहणं ही त्यांची प्रभागाला सर्वांत मोठी मदत आहे.

महापालिकेच्या शाळेत कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नये. मधल्या सुट्टीत जावं. पोषण आहार शिजल्यावर वाढण्याआधी चाखून नोंद करायची वही असते, ती उघडून बघावी आणि स्वतः एक घास खावा. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम, हे प्रमाण मुख्याध्यापकांना विचारून पटसंख्येशी ताडून बघता येतं. मग नळ किती आणि त्यातले चालू किती, एवढं मोजलं तरी पुरे.

आणि दुःखाच्या भेटी. त्यांच्याकडे केवळ औपचारिकता म्हणून बघणं मला पटत नाही. माणूस गेलेल्या घरी जाऊन पाच मिनिटं गप्प बसणं याला आपल्याकडे फार मोठा अर्थ आहे, आणि नगरसेवक आला नाही हे घर वर्षानुवर्षं विसरत नाही. पण त्या भेटीत एक काम सहज होऊ शकतं. मृत्यू घरी झाला असेल तर नोंदणी २१ दिवसांच्या आत करायची असते. त्यानंतर विलंब शुल्क, महिना उलटला की परवानग्या, वर्ष उलटलं की आणखी किचकट. बँक, पेन्शन, वारसनोंद, विजेचं मीटर सगळं त्या एका दाखल्यावर अडतं, आणि घरातलं कर्तं माणूस गेलेलं असतं तेव्हा हे सुचवायला कुणी नसतं. निघताना घरातल्या एखाद्या तरुणाला बाजूला घेऊन डॉक्टरांचं प्रमाणपत्र, अंत्यविधीचा पास, आधार यांच्या प्रती कुठे द्यायच्या हे सांगावं. नाव आणि वडिलांचं नाव आधारवर आहे तसंच अर्जात लिहायला सांगावं, कारण दाखल्यात झालेली एका अक्षराची चूक दुरुस्त करायला पुढे महिने जातात.

जनसंपर्क कार्यालयात येणाऱ्या कामांपैकी बरीचशी खरं तर नगरसेवकाकडे यायचं कारण नसतं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता हस्तांतरण, नळजोडणी अशा सेवांना मुदत ठरलेली आहे. मुदतीत काम झालं नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं आणि कसूर करणाऱ्याला दंडही होऊ शकतो. भिंतीवर तो मुदतींचा तक्ता लावावा आणि कार्यालयातल्या मुलांना अपिलाचा अर्ज लिहायला शिकवावं. आधारमधला पत्ता बदलायला नगरसेवकाच्या सहीचं प्रमाणपत्र चालतं, ते ठरलेल्या नमुन्यात लागतं आणि तीन महिनेच वैध असतं. कोऱ्या नमुन्यांवर आधीच सह्या करून ठेवायची सवय मात्र मोडावी. त्यातून पुढे भलतंच निस्तरावं लागतं.

बहुसदस्यीय प्रभागात आणखी एक अडचण येते. अ, ब, क, ड अशा चार जागा, चार माणसं, कधी दोन पक्षांची. रहिवाशाला वाटतं चौघांपैकी कुणीतरी बघेल, आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. नकाशावर रेघा मारून चार भाग वाटून घेतले की कामं सोपी होतात, पण मोठी गटारं आणि जलवाहिन्या त्या रेघा पाळत नाहीत. मोरी एकाच्या भागात, तुंबलेलं पाणी दुसऱ्याच्या. म्हणून नाला, पाणी आणि मुख्य रस्ता हे तीन विषय चौघांनी मिळूनच फिरावेत. पक्ष वेगळे असले तरी मे महिन्यातल्या एका सकाळी चौघं एका मोरीशी उभे राहू शकतात.

पत्र द्यायचं तर आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये. अभियंत्याच्या हातात दिलेलं पत्र म्हणजे दिलेलंच नाही. मोठ्या कामाची मागणी थंडी संपण्याआधी करावी, कारण पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीत आकार घेतं आणि एप्रिलनंतर तरतूद शोधत फिरणं म्हणजे दुसऱ्याच्या कामातून पैसे वळवणं. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून थेट अंदाजपत्रकासाठी कामं मागवली जातात. पाच लाखांपर्यंतची ही कामं छोटी असली तरी फेरीत सापडलेली असतात: एक उतार, एक दिवा, एक बाक. लोकांकडून ते अर्ज भरून घ्यायला नगरसेवकाने मदत करावी. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी प्रभाग समित्या ठेवल्या आहेत, आणि महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेचीही तरतूद आहे. शेजारशेजारच्या मतदान केंद्रांतल्या मतदारांना समोर बसवून कामांचा अग्रक्रम ठरवायची ती जागा. फार थोड्या ठिकाणी अशा सभा नियमाने भरतात. भरवल्या तर आधी वहीतली मागच्या फेरीची पानं वाचून दाखवावीत: काय पाहिलं, काय झालं, काय राहिलं. राहिलेल्यांची कारणंही.

पाण्याची गळती सापडली, तेराव्या आणि चौदाव्या घरामधली गंजलेली जोडणी बदलून गटाराच्या वरून घेतली, व्हॉल्व्ह दोन आटे जास्त उघडायचं ठरलं, की काम झालं असं कळवलं जातं. त्यानंतर पंधरा दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे नव्याचे नऊ दिवस संपतात आणि व्हॉल्व्हमनचा हात सवयीच्या आट्यांवर परत येतो की नाही हे कळतं. मग न सांगता, तीच पंधरा लिटरची बादली घेऊन, पहाटे सव्वापाचला शेवटच्या घरासमोर उभं राहायचं. पहिल्या पाण्याचा वास घ्यायचा. धार धरली की घड्याळ बघायचं, आणि आकडा जुन्या आकड्याच्या शेजारी लिहायचा.